डाव्या डोळ्यातला लाल

बसा की. घाई नाही ना? बावीस वर्षं सोलापूरच्या नवी पेठेत साड्या दाखवल्यात मी, समोर माणूस आलं की आधी बसवायची सवय लागलीय.

ज्यांच्या हातात नुकताच 'मल्टिपल स्क्लेरोसिस' लिहिलेला कागद पडलाय आणि मोबाईलवर त्याचा अर्थ शोधून शोधून ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोबाईल आधी बाजूला ठेवा. तिथं सगळ्यात वाईट माल वर लावलेला असतो. मी दुकानदारीतला माणूस, मला कळतंय.

रांजणवाडी

माझा आजार मशीननं नंतर शोधला. आधी शोधला रांजणवाडीनं.

लग्नसराई होती. बार्शीकडची पार्टी बस्ता बांधायला आली होती, लहानमोठी धरून चाळीस माणसं. नवरीचा शालू ठरला कुंकवी लाल. त्याच नक्षीतला विटकरीपण तिथंच गादीवर पडला होता. माझ्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी येऊन तो पार मिटला होता, म्हणून त्या दिवशी सगळी मदार डाव्यावर. तिकडं मानाच्या साड्यांवरून विहिणी-विहिणींची जुंपली होती, इकडं मी शालू घडी घालून बांधायला घेतला.

आमच्या दुकानात रीत आहे. बस्त्यातल्या पहिल्या साडीच्या पदराला ओल्या कुंकवाचं बोट लावायचं, मगच गाठोडं बांधायचं. ते काम माझ्याकडं, कारण माझा हात गुणाचा असं मालकांचं म्हणणं. कुंकू लागलं की विषय संपला. तो माल परत विकायचा नाही.

चार दिवसांनी पार्टी परत दुकानात. नवरीची मावशी सगळ्यात पुढं.

"अवो, हे काय बांधून दिलंय? आमी लाल घेतला व्हता की!"

मी दोन्ही शालू हातात घेतले. रांजणवाडी एव्हाना बसली होती. डावा डोळा मिटून उजव्यानं बघितलं, एक कुंकवी, एक विटकरी. बरोबर. उजवा मिटून डाव्यानं बघितलं तर दोन्ही विटकरी! आणि कुंकवाचं बोट तर गायबच. मी परत डावा मिटला, परत उजवा, परत डावा.

"अगं बया!" मावशी ओरडली. "चुकी करून वर डोळा मारतोय की ह्यो!"

नवरीचा मामा बाह्या सरसावत गादीवर चढला, चपलांसकट. मालक धावत आले. मी म्हणालो, "मालक, डाव्या डोळ्यानं लाल दिसंना झालाय."

"मग कपाटाकडं बघून मिटायचा की डोळा! बायकांकडं बघून कशाला?"

पार्टीला हातापाया पडून कुंकवी शालू दिला. कुंकू लागलेला विटकरी आमच्या गळ्यात. बावीस वर्षांत मी कधी चुकीचा रंग बांधला नव्हता. मला लई लागलं ते.

शुगर न्हाय न्हवं?

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे, मागची नस सुजलीय, नसांच्या डॉक्टरकडं जा. तेव्हा मला आठवायला लागलं. वर्षभर पायाला मुंग्या येत होत्या. एकदा तर डाव्या पायातली चप्पल रस्त्यात निघून पडली आणि मी तसाच पन्नास पावलं चालत गेलो. मागून एका रिक्षावाल्यानं हाक मारली, "काका, एकच चप्पल घालायचा नवस हाय का?" दिवसभर मांडी घालून बसतो, त्यानं होत असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

मग एमआरआय झाला. यंत्रमागाच्या कारखान्यात अर्धा तास उताणं झोपल्यागत वाटतं, बाकी काही नाही. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलं, ते मात्र दुखलं. खोटं कशाला सांगू.

निकालाच्या दिवशी आमची अख्खी वरात नसांच्या डॉक्टर मॅडमच्या केबिनमध्ये. बायको सुवर्णा, कॉलेजला जाणारी मुलगी गौरी आणि माझी आई. आईला आम्ही अव्वा म्हणतो, ती अक्कलकोटकडची.

मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. कुणाला काही कळलं नाही. शेवटी अव्वानं तोंड उघडलं.

"डॉक्टरबाई, शुगर न्हाय न्हवं?"

"नाही आजी."

"क्यान्सर?"

"नाही, नाही."

"मग बरं हाय की! ह्ये दोन सोडून कायबी चालतंय."

सुवर्णा मात्र फाईलचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती. मी मॅडमना विचारलं, किती दिवसांत बरं होईल. त्या म्हणाल्या, "पूर्ण बरं होत नाही. आवाक्यात ठेवता येतं, आणि ते आपण ठेवू."

आयुष्यभर मी गिऱ्हाइकाला 'ह्यात दुसरा रंग दाखवतो की' म्हणत आलोय. मॅडमकडं दुसरा रंग नव्हता. मला त्या दिवशी भीती वाटली, आणि ती कुणाला दाखवता येईना म्हणून मी पार्किंगमध्ये गाडीच्या किल्लीवरून सुवर्णावर खेकसलो. किल्ली माझ्याच खिशात होती.

पाच सलाइन

नसेची सूज उतरवायला पाच दिवस स्टिरॉइडची सलाइन लावली. त्याबद्दल एक आधीच सांगून ठेवतो, त्यानं माणूस बडबड्या होतो. आणि मी मुळात साड्या विकणारा! दुसऱ्या दिवशी मी समोरच्या खाटेवरच्या मास्तरांच्या बायकोला त्यांच्या अंगावर कुठला काठ शोभेल ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या चादरींच्या साडीसारख्या घड्या घालून ठेवल्या, रंगावार. सगळ्या पांढऱ्याच होत्या, तरी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, सुई निघंल, बसा की गप!" भूक तर अशी की सुवर्णानं आणलेला डबा संपवून मी मास्तरांच्या डब्याकडं बघत बसायचो.

चौथ्या दिवशी दाराच्या काचेतून मला गौरी दिसली. कॉरिडॉरमध्ये मॅडमना गाठून काहीतरी विचारत होती. मॅडम बोलत होत्या आणि ही मान हलवत होती. आत आली तेव्हा डोळे लाल. उजव्या डोळ्यानं मला स्पष्ट दिसले.

"काय विचारलंस गं?"

"काही नाही पप्पा. डिस्चार्ज कधी, ते."

पोरगी विज्ञान शिकते, तिला माहिती असणार. ती स्वतःचंच विचारत असणार, मलापण हे होईल का म्हणून. तेव्हापासून तोच प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. माझ्या पोरीला होईल का? फॉल-पिकोच्या एका पावतीमागं मी तो लिहिला आणि खिशात ठेवला. मॅडमना विचारायचा होता, पण गौरीसमोर नाही आणि सुवर्णासमोर तर नाहीच.

गुळवेल

घरी आलो आणि घरच्यांनी मला प्रेमानं धरला.

आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये करोनापासून एकच शास्त्र चालतं. प्रतिकारशक्ती वाढवायची. सर्दी झाली, वाढवा. पाय मुरगळला, वाढवा. अव्वाचा गुळवेलीचा काढा सकाळी सुरू झाला. मागोमाग अकलूजहून आत्या आली. वडील गेल्यापासून त्यांच्या बाजूचं एवढंच माणूस राहिलंय, त्यामुळं येताना सगळ्या घराण्याची माया घेऊन येते. तिनं पिशवी उपडी केली. च्यवनप्राश, शेवग्याच्या पाल्याची पूड, हळद, आणि कसल्या तरी हिरव्या गोळ्या. त्या डब्यावर पिळदार दंडाचा माणूस होता.

"शिवा, तुजी ताकदच कमी पडलीया," आत्या म्हणाली. "म्हैन्यात उभा करते का न्हाय बघ."

अव्वा आणि आत्याचं चाळीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. माझ्या घशात काय ओतायचं यावर झालं. सहा आठवडे मी निमूट पीत राहिलो. सुवर्णा वेळा लिहून फ्रिजवर चिकटवायची.

पुढच्या भेटीला अव्वा, आत्या आणि गौरी बरोबर होत्या. मॅडमनी विचारलं, "मी दिलंय त्याशिवाय आणखी काही घेता?"

अव्वानं अभिमानानं पिशवी टेबलावर ठेवली. एकेक डबा बाहेर काढला. शेवटी गुळवेलीची कांडी. मॅडम बराच वेळ त्या दंडवाल्या माणसाकडं बघत होत्या.

"आजी, ह्यांची प्रतिकारशक्ती कमी नाहीये. ती नको तिथं राबतेय. वायरीवर जसं प्लास्टिक असतं तसं आपल्या नसांवर वेष्टन असतं, ते ही शत्रू समजून कुरतडतेय. आपल्या सगळ्यांच्या अंगात हिला आवर घालणारी जनुकं असतात, जीन म्हणतात ती. जीन असून भागत नाही, तिनं काम केलं पाहिजे. ह्यांच्यात ती आवरणारी मंडळी पुरेसं काम करत नाहीत, असं दिसतं. मी दर आठवड्याला जे इंजेक्शन देतेय, ते त्यांना कामाला लावतं."

मला लगेच दुकानच दिसलं. दारातला वॉचमन चोर समजून दुकानातल्याच पोरांना झोडपतोय, आणि 'अरे, ही आपलीच' म्हणून त्याला आवरणारा मॅनेजर खुर्चीत पेंगतोय. मी तसं म्हणालो.

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "मी मॅनेजरला उठवतेय, आणि तुम्ही सगळे त्या वॉचमनला खुराक चारताय!"

आम्ही हसलो. अव्वा हसली नाही. तिनं गुळवेलीची कांडी हळूच पदराखाली घेतली.

"म्हंजे म्याच माज्या लेकाला..." एवढंच म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मॅडम उठून तिच्याजवळ आल्या. काढ्यानं मोठं काही बिघडलेलं नाही, आता फक्त बंद करा, असं त्यांनी तिला तीनदा सांगितलं. तरी ती पुढं चार दिवस स्वयंपाकघरात माझ्याकडं पाठ करूनच उभी राहायची.

कुणाच्या घराण्याचं

तेवढ्यात आत्याला वेगळीच शंका आली.

"डॉक्टरबाई, ती जीन का काय, ती रक्तातनंच येती न्हवं? म्हंजे घराण्यातनं?"

झालं! अव्वाचे डोळे तिथल्या तिथं कोरडे.

"आमच्या घराण्यात असलं कायबी न्हाय," आत्यानं जाहीर केलं. "आमचा बाप ऐंशीव्या वर्षी बैलगाडी हाकत व्हता."

"हाकत व्हता आन वड्यात घालत व्हता!" अव्वा म्हणाली. "वन्सं, तुमचा चुलता पाय वढत चालायचा, इसरलात व्हय?"

"त्यो ताडीनं वढायचा! आन वैनी, तुमच्या अक्कलकोटच्या मामाचं त्वांड वाकडं झालं व्हतं, ते?"

"अय्यो! ते वारं लागून झालं व्हतं!"

"अहो आजी," मॅडम मधे पडल्या, "ही जनुकं सगळ्यांकडंच असतात."

"बगा!" दोघी एकदम म्हणाल्या. "सगळ्यांकडं म्हंजे ह्यांच्याकडंबी!"

मॅडमनी बेल वाजवून पुढचा पेशंट आत बोलावला. माझी पावती खिशातच राहिली. गौरी शेजारी बसून हसत होती, आणि मी चोरून तिच्या पायांकडं बघत होतो, चप्पल नीट आहे ना म्हणून.

उन्हाळा

ह्या आजाराला उष्णता चालत नाही. अंग तापलं की नजर आणखी धूसर होते, पाय जड पडतात. आणि देवानं मला ठेवलंय कुठं, तर सोलापुरात! मेमध्ये मी ओला पंचा मानेवर टाकून वावरायचो. रिक्षावाले विचारायचे, "काका, कुठल्या मयताला?"

दर शनिवारी संध्याकाळी मॅडमनी दिलेलं इंजेक्शन. सुवर्णा सुई बघून भिंतीकडं तोंड करायची, म्हणून गौरी द्यायला शिकली. त्यानंतर अंग तापायचं, हाडं ठणकायची. ते आधीच कुणी सांगितलं तर माणूस घाबरत नाही, म्हणून सांगून ठेवतोय. रविवारी मालकांनी सुट्टी दिली होती.

मालक माणूस चांगला, पण धंदा तो धंदा. त्यांनी मला गादीवरून उचलून कूलरसमोर फॉल-पिकोच्या टेबलावर बसवलं. म्हणाले, "शिवा, ज्या दिवशी डाव्यानंपण लाल ओळखशील, त्या दिवशी गादी तुझीच." माझ्या जागेवर आता दुसरा माणूस बसायचा. तो राणी रंगाला गुलाबी म्हणायचा, आणि मी टेबलावर बसून दात खायचो.

एके दिवशी गौरी दुकानात आली आणि मालकांकडून तो कुंकू लागलेला विटकरी शालू मागून घेऊन गेली. मला वाटलं, पोरीला आवडला, काय ही आवड! पण पुढच्या रविवारी तिनं मला खुर्चीत बसवलं, माझ्या उजव्या डोळ्यावर वाटी धरली आणि पदर समोर धरला.

"पप्पा, कुंकू कुठाय?"

मला काहीही दिसलं नाही. सगळं विटकरी. पण तिचा चेहरा असा काही झाला होता की मी म्हणालो, "हे काय, उजव्या काठाशी, बुट्टीच्या खाली."

मीच लावलं होतं ना ते! ती केवढी खूश झाली. मग दर रविवारी तेच. मी 'दिसलं की' म्हणायचो, ती वहीत लिहायची. बावीस वर्षं गिऱ्हाइकाला जे ऐकायचंय ते सांगितलं, पोरीला सांगायला काय जातंय?

एकटा

दसऱ्याच्या आधी मी घरी न सांगता मॅडमकडं गेलो. एकटा. पावती टेबलावर ठेवली. इतक्या वेळा उघडून मिटून ती घडीवर फाटली होती.

मॅडमनी वाचली. म्हणाल्या, "शिवानंद, घर मुलांच्या नावावर होतं, तसं हे होत नाही. आईबापाला असेल तर मुलांना शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, एवढं खरं. पण होणार नाही, हीच शक्यता कितीतरी मोठी. आणि कुठली जीन कधी काम करेल, कधी गप्प बसेल, हे नुसतं घराण्यावर नसतं. का ते आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही."

मी पाणी मागितलं. म्हणालो, "तिला हे असंच समजावलंत का? त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये हेच विचारत होती ना?"

मॅडम हसल्या. "मलाही वाटलं, हेच विचारणार. म्हणून मी आपणहून सांगायला लागले, तर तिनं मला थांबवलं. म्हणाली, माझं राहू द्या मॅडम, माझ्या पप्पांना परत लाल दिसेल का तेवढं सांगा."

मी ती फाटकी पावती साडीसारखी घडी करत बसलो. बाहेर पेशंट खोळंबले होते.

दोन

त्या रविवारी वाटी डोळ्यावर यायच्या आत मी सांगून टाकलं. "गौरे, मला कुंकू दिसत नाही. कधीच दिसलं नाही. मी थापा मारत होतो."

"माहितेय," ती म्हणाली. "गेले तीन आठवडे मी पदराची कोरी बाजू धरतेय. तुम्ही कोऱ्या पदरावर कुंकू दाखवत होता."

तिनं वही दाखवली. शेवटच्या तिन्ही रविवारांपुढं एकच शब्द, 'थाप'.

मग आम्ही खरं खरं सुरू केलं. दिसत नाही. दिसत नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, दिसत नाही. गौरी लिहायची आणि शालू घडी करून ठेवायची. घडी मात्र वाकडी घालायची, ती मी परत घालायचो.

आणि मग एका रविवारी तिनं पदर धरला. विटकरी रंगावर काहीतरी होतं. मी डोळा ताणला.

"गौरे, दोन आहेत."

"काय दोन?"

"ठिपके. दोन आहेत."

तिचा चेहरा उतरला. "पप्पा, एकच आहे. एकाचे दोन दिसतायत का? मॅडमनी सांगितलं होतं, तसं झालं तर लगेच फोन करा." तिनं मोबाईल उचलला. सुवर्णा कणकेच्या हातानं बाहेर आली आणि तिथंच भिंतीला टेकली.

"थांब," मी म्हणालो. "एक जुना, वाळलेला, काळपट. दुसरा मोठा आहे, ताजा. डावीकडं. बघ की."

गौरीनं पदर आपल्याकडं वळवला. दोन होते.

स्वयंपाकघराच्या दारात अव्वा उभी होती, एक हात पाठीमागं लपवून.

"किती म्हैनं झालं, लेकाला दिसंना," ती म्हणाली. "म्हनलं, जरा मोठ्ठा लावावा. म्हातारीचा हात, चुकीच्या जागी पडला."

गौरी शालू छातीशी धरून खालीच बसली. ती हसतेय का रडतेय, कळेना. सुवर्णानं कणकेचे हात तसेच तोंडावर धरले.

"अव्वा, हात दाखव," मी म्हणालो.

तिनं भीत भीत हात पुढं केला. मी उजवा डोळा घट्ट मिटला आणि डाव्यानं बघितलं. करंगळीशेजारचं बोट पेरापर्यंत लाल होतं. विटकरी नाही. लाल, कुंकवी लाल.

मी बघतच राहिलो. अव्वानं माझ्या मिटलेल्या डोळ्याकडं बघितलं.

"काय रं शिवा," ती म्हणाली, "आता आईलाबी डोळा मारतुयास व्हय?"